पाणी नितळ झालं तरी दुसरी टाकी बंद करू नका

कापड रंगाईच्या सांडपाण्यातला रंग घालवणारं आमचं जिवाणू कल्चर वापरू लागल्यावर पुष्कळ जण विचारतात, "पहिल्या टाकीतच रंग गेला, मग दुसऱ्या टाकीचा ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) कशाला चालवायचा?" हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच.

कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक अझो गटातले. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, आणि रंग दिसतो तो मुख्यतः या जोडामुळे. जिवाणूंमधलं अझोरिडक्टेज हे विकर इलेक्ट्रॉन पुरवून हा जोड तोडतं. मात्र पाण्यात ऑक्सिजन असला की जिवाणू इलेक्ट्रॉन आधी त्यालाच देतात आणि रंग तसाच राहतो. म्हणून पहिल्या टाकीत हवा सोडायची नाही. गाळ तळाशी बसू नये इतपत हळू ढवळायचं.

रंग हे जिवाणूंचं पोटभरीचं अन्न नव्हे. कापडाची खळ काढलेलं पाणी टाकीत येत असेल तर त्यातला स्टार्च त्यांना चालतो. नसेल तर थोडी मळी (साखर कारखान्यातला काकवीसारखा उरलेला पाक) घालावी लागते. फार घातलीत तर सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक मोजमाप) वाढेल.

आता मूळ प्रश्न. जोड तुटला की उरतात ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे रंगाच्या रेणूचे नायट्रोजन असलेले तुकडे. ती बहुधा बिनरंगी, पण त्यातली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. बेंझिडीनपासून बनलेला रंग तुटला तर बेंझिडीनच सुटतं, आणि त्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो. अमाइन फोडणाऱ्या बहुतेक जिवाणूंना भरपूर हवा लागते. ते काम दुसऱ्या टाकीचं. काही अमाइन हवा लागताच पाणी पुन्हा पिवळट-तपकिरी करतात. तेव्हा कल्चर मेलं असं समजू नका. सल्फोनेटेड (सल्फोनिक आम्लाचा गट जोडलेली) अमाइन मात्र चिवट असतात, त्यामुळे बाहेर पडणारं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्याच.

ब्लीचिंगचं पाणी थेट टाकीत सोडू नका. पेरॉक्साइड किंवा हायपोक्लोराइटने जिवाणू मरतात. रिॲक्टिव्ह रंगाईचं (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रंग वापरून केलेल्या रंगाईचं) पाणी फार अल्कधर्मी असतं, ते पीएच ७ ते ८ वर आणून, ४० अंश सेल्सिअसच्या खाली निववून मगच घ्या. मीठ एकदम वाढलं तरी जिवाणू मंदावतात.

पाणी नितळ, पण गाळ गडद रंगाचा दिसला तर रंग तुटलेला नाही, नुसता गाळाला चिकटलाय. तसं झालं तर आधी खाद्य आणि पीएच बघा. अँथ्राक्विनोन गटातले रंग (ज्यांचा रंग अझो जोडामुळे नसतो) या पद्धतीने सहजी जात नाहीत. तेच जास्त वापरत असाल तर कल्चर मागवण्याआधी आम्हाला सांगा, नमुन्यावर चाचणी करून पाहू.