बृहदीश्वर मंदिर, तंजावर

तमिळनाडूतील तंजावर शहरात, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, चोळ सम्राट पहिला राजराज (कारकीर्द 985–1014) याने बांधविलेले शिवमंदिर. शिलालेखांत त्याचे नाव राजराजेश्वरम असे येते. तमिळ लोक त्याला ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ, म्हणतात. 1987 मध्ये त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. 2004 मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम येथील चोळ मंदिरेही त्याच नोंदीत जोडण्यात आली.

गर्भगृहावरील तेरा मजल्यांचे विमान, म्हणजे निमुळता होत जाणारा मनोरा, सुमारे 60 मीटर उंच असून संपूर्ण ग्रॅनाइटचे आहे. तंजावरची जमीन गाळाची असल्यामुळे हा सगळा दगड दुरून आणावा लागला. विमान आतून पोकळ आहे. गर्भगृहाला दुहेरी भिंती असून त्यांच्यामधून प्रदक्षिणामार्ग जातो. या मार्गाच्या भिंतींवर नायककालीन (चोळांनंतरच्या नायक राजांच्या काळातील) चित्रांच्या थराखाली मूळची चोळकालीन भित्तिचित्रे दडलेली होती. ती 1931 मध्ये उजेडात आली. वरच्या मजल्यावरील मार्गात भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील 108 नृत्यकरणांपैकी (नृत्याच्या मूलभूत अंगस्थितींपैकी) 81 करणे कोरलेली आहेत. उरलेल्यांसाठीचे दगड कोरेच राहिले.

मंदिराचे खरे वैभव उंचीइतकेच त्याच्या लेखांत आहे. जोत्यावर आणि भिंतींवर कोरलेल्या तमिळ लेखांच्या आरंभी राजराजाची आज्ञा येते : आम्ही दिलेले, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेले, आमच्या राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले दान विमानाच्या दगडावर कोरावे. ही बहीण म्हणजे कुंदवै. राण्यांच्या आधी तिचा उल्लेख यावा, यातून दरबारातील तिचे स्थान कळते. पुढे दागिने, भांडी, मूर्ती आणि गावांचे उत्पन्न यांची वजनमापांसह नोंद आहे. चेर व पांड्य राजांचा पराभव करून मिळविलेल्या खजिन्यातून दिलेले सोने त्यात आहे, तसेच जिंकलेल्या सिंहलद्वीपातील गावांचा महसूलही आहे. वेगवेगळ्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या कोणत्या गावच्या आणि येथे कोणत्या गल्लीतील कोणत्या घरात राहतात, हे सारे दिले आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम (धान्याचे एक जुने माप) भात ठरला होता. वादक, शिंपी, न्हावी, हिशेबनीस यांचीही अशीच तरतूद आहे. कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन या मुख्य स्थपतीचे नावही लेखांत टिकून आहे. जगातील अनेक भव्य वास्तूंचे कारागीर अनामिक राहिले असताना हे विशेष मानले पाहिजे. राजाने विमानासाठी सोन्याने मढविलेला तांब्याचा कळस दिला तो आपल्या कारकीर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, 275 व्या दिवशी (इ. स. 1010), अशीही नोंद आहे.

इतका तपशील दगडावर असूनही लोकांच्या तोंडी दंतकथाच अधिक आहेत. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. सावली पडते आणि कोणालाही सकाळ-संध्याकाळ पाहता येते. शिखराचा घुमट 80 टनांच्या अखंड शिळेचा असून तो सारपळ्ळम गावापासून बांधलेल्या सहा किलोमीटरच्या उतरणीवरून चढविला, असेही सांगतात. प्रत्यक्षात घुमट अनेक दगड जोडून साधलेला आहे. कामगारांना ताक पाजणाऱ्या एका म्हातारीने ही शिळा दिली, ही कथा मात्र वेगळ्या कारणाने मोलाची वाटते : राजाच्या कीर्तीत सामान्यांचा वाटा असावा, ही लोकांची इच्छा तिच्यात आहे.

चोळांनंतर पांड्य, नायक आणि मराठे यांनी आवारात भर घातली. देवीचे मंदिर पांड्यकाळातील, तर आजचा प्रचंड अखंड नंदी आणि सुब्रह्मण्याचे सुबक देऊळ नायककालीन आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतले आणि भोसल्यांची सत्ता तेथे 1855 पर्यंत टिकली. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द 1798–1832) यांनी 1803 मध्ये प्राकाराच्या (मंदिराभोवतीच्या तटबंद आवाराच्या) नैर्ऋत्य भागातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. चिटणीस बाबुराय यांनी रचलेला हा ‘भोसलेवंशचरित्र’ नावाचा लेख मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून ओळखला जातो. इंग्रजांनी 1799 मध्ये राज्यकारभार ताब्यात घेतल्यावर सरफोजींकडे नाममात्र राजेपण उरले होते. अशा वेळी त्यांनी आपल्या कुळाची हकिकत राजराजाच्या देवळात, राजराजाच्याच रीतीने नोंदवली. महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेक यात्रेकरूंना मात्र ही भिंत कोणी दाखवत नाही.

मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही तंजावरच्या भोसले घराण्याकडे आहे. मंदिरातून चोरीला गेलेल्या राजराज आणि राणी लोकमहादेवी यांच्या धातुमूर्ती 2018 मध्ये अहमदाबादहून परत आणण्यात आल्या. 5 फेब्रुवारी 2020 रोजी झालेल्या कुंभाभिषेकात, म्हणजे मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सोहळ्यात, मंत्र कोणत्या भाषेत म्हणावेत यावर वाद झाला आणि न्यायालयाच्या संमतीने तमिळ व संस्कृत अशा दोन्ही भाषांत विधी पार पडले.