‘वाइल्ड’ नदी आणि खवळणारी नदी: राफ्टिंगची नदी निवडताना होणारी एक गल्लत

अमेरिकेत राहणारी किंवा तिथे मुलांकडे गेलेली मराठी कुटुंबे राफ्टिंगचा बेत आखू लागली की त्यांच्यासमोर दोन प्रकारच्या खुणा येतात. एक म्हणजे नदीच्या नावामागे लागलेले ‘वाइल्ड’ किंवा ‘सीनिक’ हे शब्द, आणि दुसरी म्हणजे ‘क्लास थ्री’, ‘क्लास फोर’ अशी श्रेणी. या दोन्ही खुणा एकाच गोष्टीबद्दल बोलतात असा समज सहज होतो. ‘वाइल्ड’ म्हणजे पाणी भयंकर असणार, ‘सीनिक’ म्हणजे मुलाबाळांसह जाण्याजोगी देखणी, शांत नदी असणार, असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात पहिली खूण नदीच्या काठाविषयी सांगते आणि दुसरी पाण्याविषयी. हा फरक ध्यानात न घेता नदी निवडली तर कधी नुसताच हिरमोड होतो, आणि कधी आपल्या बेताबाहेरच्या पाण्यात उतरण्याची वेळ येते.

‘वाइल्ड’ आणि ‘सीनिक’ हे शब्द जाहिरातीतून आलेले नाहीत, कायद्यातून आलेले आहेत. २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स अ‍ॅक्ट’ लागू झाला आणि पहिल्याच दिवशी आठ नद्यांना संरक्षण मिळाले. आज ही यादी दोनशेहून अधिक नद्यांची आहे. यादीतल्या टप्प्यावर नवे जलविद्युत धरण बांधण्यास केंद्र सरकार परवाना देऊ शकत नाही, हा या कायद्याचा कणा आहे. असा प्रत्येक टप्पा तीनपैकी एका वर्गात मोडतो. ज्या टप्प्यावर बांध नाही, काठ जवळजवळ आदिम अवस्थेत आहेत आणि जिथे पायवाटेखेरीज सहसा पोहोचता येत नाही तो ‘वाइल्ड’; जिथे काठ बऱ्याच अंशी तसेच आहेत, पण अधूनमधून रस्ता येऊन मिळतो तो ‘सीनिक’; आणि जिथे रस्ता किंवा रेल्वे सहज पोहोचते, काठावर थोडीफार वस्ती आहे आणि पूर्वी पाणी अडवले किंवा वळवले गेलेलेही चालते तो ‘रिक्रिएशनल’. या व्याख्यांमध्ये लाटांच्या उंचीचा किंवा खडकांच्या रचनेचा उल्लेख कुठेही येत नाही. सारा भर वाट कुठवर पोहोचते आणि काठ किती अस्पर्श आहेत यावर आहे.

‘सीनिक’ या शब्दाने होणारी फसगत तर आणखी सूक्ष्म आहे. तो सौंदर्याचा दाखला नव्हे. यादीत येण्यासाठी नदीकडे निसर्गदृश्य, भूरचना, मासे, वन्यजीव, इतिहास यांपैकी काही तरी असाधारण असावेच लागते आणि ही अट तिन्ही वर्गांना सारखीच आहे. त्यामुळे ‘वाइल्ड’ टप्पा ‘सीनिक’ टप्प्याहून देखणा असू शकतो, किंबहुना बहुतेक वेळा असतोच. पहिल्या आठ नद्यांमधली मिसुरी राज्यातली इलेव्हन पॉइंट ही मोठमोठ्या झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारी, डोंगरकड्यांच्या सावलीतून जाणारी नदी आहे. परंतु ती होडीने निवांत फिरण्याची नदी असून राफ्टिंगचा थरार तिथे मिळायचा नाही. उलट, कोलोरॅडो नदीचा ग्रँड कॅन्यनमधला टप्पा, ज्याच्या दृश्यांसाठी जगभरातून लोक येतात, तो या यादीत नाहीच.

आता दुसऱ्या खुणेकडे येऊ. नदीच्या अवघडपणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी पहिल्यापासून सहाव्या वर्गापर्यंत जाते. पहिल्या वर्गात पाणी नुसते वेगाने वाहते. दुसऱ्यात लहान लाटा आणि रुंद, सरळ वाट असते. तिसऱ्यात मध्यम पण अनियमित लाटा येतात आणि खडक चुकवण्यासाठी वल्ही मनापासून मारावी लागतात. चौथ्यात प्रवाह जोरकस असतो, नावेवर नेमका ताबा लागतो आणि पाण्यात पडलेल्याला स्वतःहून काठ गाठणे कठीण जाते. पाचवा वर्ग लांबलचक, अडथळ्यांनी भरलेल्या आणि चुकीला माफी नसलेल्या रॅपिडचा, म्हणजे खडकांमधून उसळत धावणाऱ्या पाण्याच्या पट्ट्याचा, आहे. सहाव्याच्या वाटेला सामान्य पर्यटकाने जाऊच नये. हा वर्गही कायमचा कोरलेला नसतो. विसर्ग, म्हणजे नदीतून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण, बदलला की तोच रॅपिड एखादा वर्ग वर किंवा खाली सरकतो. हा विसर्ग अमेरिकेत घनफूट प्रति सेकंदात मोजतात, म्हणजे खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्याच्या बातम्यांत आपण वाचतो तोच क्युसेक. नदीचा वर्ग विचारताना तो किती क्युसेकला आहे हे विचारले नाही, तर मिळालेले उत्तर अर्धेच राहते.

या दोन मोजपट्ट्या एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत, हे वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर सर्वांत स्पष्ट दिसते. तिच्या वरच्या टप्प्यात पाचव्या वर्गाचे पाच रॅपिड आहेत आणि त्यांपैकी पहिल्याचे नाव ‘इन्सिग्निफिकंट’ म्हणजे क्षुल्लक असे आहे. नावावर विसंबून कोणी त्यात उतरू नये. हे सारे पाणी मात्र समर्सव्हिल धरणातून येते. हिवाळ्यातल्या पुरासाठी जागा करून ठेवण्याकरिता शरद ऋतूत जलाशय खाली आणावा लागतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ठरलेल्या शनिवार-रविवारी सुमारे २,८०० क्युसेक पाणी सोडले जाते. धरणाच्या दरवाज्यांवर चालणारी ही नदी ‘वाइल्ड’च्या यादीत नाही, तरी अतिशय खवळलेले पाणी तिथे भेटते. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना यांच्या सीमेवरची चटूगा नदी १९७४ पासून यादीत आहे आणि तिच्या एकाच पात्रात ‘वाइल्ड’, ‘सीनिक’ आणि ‘रिक्रिएशनल’ असे तिन्ही टप्पे आहेत. तिथला ‘बुल स्लूस’ हा प्रसिद्ध, चौथ्या वर्गाच्या वरच्या टोकाचा रॅपिड महामार्ग क्रमांक ७६ च्या पुलाजवळच आहे, आणि लोक गाडी उभी करून थोडे चालत जाऊन तो पाहतात. रस्ता जवळ असला म्हणजे पाणी सौम्य असते, असे म्हणण्याची सोय चटूगाने ठेवलेली नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा भेद कोलाडवरून चटकन कळेल. कुंडलिकेवर सकाळी राफ्टिंग होते ते मुळशी धरणाच्या पाण्यावर. एरवी भीमेकडे आणि पुढे कृष्णेकडे गेले असते असे मुळा नदीचे पाणी सह्याद्री उतरवून भिऱ्याच्या वीजगृहात आणले जाते आणि वीज निर्माण झाल्यावर कुंडलिकेत सोडले जाते. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले, हे तिथे नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. कुंडलिकेचे पाणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचे आहे, दोन्ही काठ हिरवेगार आहेत, आणि तरीही अमेरिकी कायद्याच्या अर्थाने ती ‘वाइल्ड’ नव्हे, कारण काठावर गावे आहेत, शेते आहेत आणि रस्ता सोबतीला आहे.

‘वाइल्ड’ असलेल्या टप्प्याचे पाणी तरी पूर्णपणे निसर्गाच्या हाती असते का, हा प्रश्न इथे रास्त ठरतो. याचे उत्तरही नेहमी होकारार्थी नाही, कारण कायदा त्या टप्प्यापुरता बांध नाकारतो, वरच्या अंगाला असलेले धरण त्याला चालते. कॅलिफोर्नियातल्या टुओलमी नदीचा १८ मैलांचा राफ्टिंगचा टप्पा चौथ्या वर्गाचा, खोल दरीतला आणि बराचसा ‘वाइल्ड’ आहे; पण उन्हाळा सरत जातो तसे तिथले राफ्टिंग वरच्या वीजगृहातून ठरावीक तासांना सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहते. ते वीजगृह सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचे आहे. त्यामुळे बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, मंडळींनी तारीख ठरवताना आपल्या सुट्टीआधी पाणी सोडण्याचे वेळापत्रक पाहावे.

दोन्ही मोजपट्ट्या स्वतंत्र असल्या तरी एका ठिकाणी त्या एकमेकींना भिडतात, आणि माझ्या मते निवड करताना सर्वाधिक वजन त्या ठिकाणाला द्यायला हवे. अवघडपणाच्या श्रेणीसोबतच असे सांगितलेले असते की पाण्याचे तापमान ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० अंश सेल्सियसच्या खाली असेल, किंवा सहल निर्जन प्रदेशातून अनेक दिवसांची असेल, तर नदी एक वर्ग अधिक अवघड मानावी. रॅपिड तोच असतो. पण नाव उलटल्यावर गारठ्याने हातपाय किती लवकर बधिर होतील आणि मदत किती तासांनी पोहोचेल, यावर त्याचा खरा धोका ठरतो. इथे ‘वाइल्ड’ हा काठाविषयीचा शब्द पाण्याच्या हिशेबात शिरतो. आयडाहोमधली मिडल फोर्क सॅमन नदी पाहा. तिचा सुमारे १०० मैलांचा, जवळजवळ संपूर्ण ‘वाइल्ड’ असलेला टप्पा वस्तीपासून दूर अरण्यातून जातो. रॅपिड बहुतांशी तिसऱ्या-चौथ्या वर्गाचे आहेत, परंतु जूनच्या आरंभी बर्फ वितळून नदी फुगलेली आणि अतिशय गार असते, आणि मधेच कोणाचा हात मोडला तर काठावरच्या एखाद्या छोट्या धावपट्टीपर्यंत पोहोचून विमानाची वाट पाहावी लागते. तिथला ‘क्लास थ्री’ आणि कोलाडचा ‘क्लास थ्री’ सारखा समजणे चुकीचे ठरेल.

म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला ‘वाइल्ड’ काठाची ओढ असेल, तर मी ओरेगनमधली रोग नदी सुचवेन. तिचा सुमारे ३४ मैलांचा ‘वाइल्ड’ टप्पा मुख्यतः तिसऱ्या वर्गाचा आहे, भर उन्हाळ्यात तिथले पाणी अंगाला सोसवते, आणि काठावर मुक्कामाच्या काही जुन्या लॉज असल्याने तंबू वाहून नेण्याचीही गरज पडत नाही. ‘रेनी फॉल्स’ हा पाचव्या वर्गाचा धबधबा बहुतेक लोक बाजूच्या लहान प्रवाहातून टाळतात. ‘ब्लॉसम बार’ हा चौथ्या वर्गाचा रॅपिड मात्र वाटेतच येतो, आणि तिथल्या खडकांमधली वाट जाणकाराच्या हातीच सोपवावी. ज्यांना खवळलेल्या पाण्याची हौस आहे, अनुभव आहे, पण चार दिवस जगापासून तुटायचे नाही, त्यांना गॉलीसारखी धरणाखालची नदी अधिक योग्य ठरेल. मिडल फोर्क मी दोन-तीन नद्यांचा अनुभव घेतल्यानंतरच निवडीन.

स्वतःच्या नावा घेऊन मिडल फोर्कवर जायचे असेल तर हंगामातल्या तारखा सोडत काढून दिल्या जातात आणि त्यासाठीचे अर्ज १ डिसेंबर ते ३१ जानेवारी या काळातच स्वीकारले जातात, तर व्यावसायिक मार्गदर्शकांचा कोटा वेगळा असल्यामुळे त्यांच्याबरोबर जाणाऱ्यांना सोडतीत उतरावे लागत नाही. जुलैची सहल ठरवायची असेल तर हा निर्णय ऐन हिवाळ्यात घ्यावा लागतो, आणि विसर्ग व पाण्याचे तापमान मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यातच पाहता येते.