खरवसाचा डबा आणि आयरिश फ्लाय-हाफ

आयर्लंडचा फ्लाय-हाफ, म्हणजे मैदानात संघाची चाल ठरवणारा खेळाडू, जॉनी सेक्स्टन याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. रग्बीत आयर्लंडकडून ११८ कसोटी (म्हणजे आंतरराष्ट्रीय) सामने, हजारावर गुण, २०१८ मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू. मला मात्र त्याच्या कारकिर्दीतले, तो खेळलाच नाही ते १२ आठवडे सर्वांत मोलाचे वाटतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वर्षभरातलं चौथं कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं) झाल्यावर फ्रान्समधल्या डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं.

रग्बी पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, “हे लोक टोप्या का घालत नाहीत?” काही जण घालतात. नियमाने तिचा फोम जेमतेम एक सेंटीमीटर जाड. खोक पडणं, कान चिरडणं यातून ती वाचवते. कन्कशन टाळेल असा भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही.

का, ते खरवसावरून कळतं. काठोकाठ भरलेला, घट्ट झाकणाचा डबा सरळ ढकला. आतल्या वडीला फारसं काही होत नाही. आता तोच डबा जागच्या जागी झटकन फिरवा. कडेचा खरवस डब्याबरोबर वळतो, मधला जडत्वाने मागे राहतो आणि थर एकमेकांवरून घसरू पाहतात. मेंदूचंही तसंच. त्याला दाबून लहान करणं पाण्याइतकंच अवघड, पण त्याचे थर सरकवणं त्याहून लाखो पटींनी सोपं. म्हणून डोकं गर्रकन वळलं की चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात, आणि हे वळणं टोपीच्या पातळ फोमला थोपवता येत नाही. पेशीतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, सोडियम आणि कॅल्शियम आत घुसतात. ही उलथापालथ निस्तरणाऱ्या, म्हणजे हे आयन (विद्युतभारित कण) परत जागेवर नेणाऱ्या पेशीतल्या आयन-पंपांना भरपूर ग्लुकोज लागतं आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. पेशी जिवंत असतात, पण कर्जात बुडालेल्या. त्यात दुसरा धक्का बसला तर? म्हणून ती सक्तीची विश्रांती.

यातलं काहीच साध्या सीटी स्कॅनवर दिसत नाही, आणि बहुतेकांची शुद्धही हरपत नाही. आपल्याकडे डोक्यावर पडलेल्याला कांदा हुंगवतात, त्याने डोळे उघडले की सगळे निर्धास्त होतात. कांद्याने एकही आयन जागेवर येत नाही. माणसाला डॉक्टरकडे न्या.

२०२४ पासून अव्वल रग्बीत दातांवरच्या माउथगार्डमध्ये संवेदक आले. टोपी केसांवरून घसरते. वरचे दात मात्र कवटीतच रोवलेले, त्यामुळे कवटी किती झटक्याने वळली ते तिथेच नीट मोजता येतं. सेक्स्टन त्याआधीच, २०२३ च्या विश्वचषकानंतर, ३८ व्या वर्षी निवृत्त झाला होता.