रिपोर्टातलं 'ई-कॅडहेरिन' आलं कुठून?

स्तनाच्या गाठीची बायोप्सी झाली की नाशिकमधल्या रुग्णाच्या हातातही कधी कधी 'ई-कॅडहेरिन निगेटिव्ह' अशी ओळ असलेला रिपोर्ट येतो. या प्रथिनाचं एक जुनं नाव द्राक्षावरून पडलेलं आहे, म्हणून ही हकिगत इथे सांगावीशी वाटते.

पेशींना एकमेकींना धरून राहायला कॅल्शियम लागतं, हे जुनंच ज्ञान. 1900 साली कुर्ट हर्ब्स्ट यांनी कॅल्शियम नसलेल्या समुद्रपाण्यात सी-अर्चिनचे भ्रूण ठेवले, तर पेशी सुट्या झाल्या. पण धरून ठेवणारा रेणू कोणता?

जपानचे मासातोशी ताकेइची बाल्टिमोरला कामाला गेले, तेव्हा क्योटोत सहज चिकटणाऱ्या पेशी तिथे चिकटेनात. कारण अगदी किरकोळ निघालं. पेशी सोडवायला वापरतात त्या ट्रिप्सिनमध्ये (प्रथिनं कापणारं विकर) तिथे ईडीटीए मिसळलेलं होतं, आणि ते कॅल्शियम ओढून घेतं. कॅल्शियम असेल तर हा रेणू ट्रिप्सिनपासून वाचतो, नसेल तर कापला जातो. हे 1977 मध्ये छापून आलं, 'कॅडहेरिन' हे नाव 1984 मध्ये पडलं.

त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब यांचा गट उंदराच्या भ्रूणांवर प्रतिपिंडं सोडून पाहत होता. एरवी आठ पेशींचा भ्रूण आवळून घट्ट गोळा होतो. इथे तो आवळेचना, पेशी टपोऱ्या मण्यांसारख्या सुट्या दिसू लागल्या. लॅटिनमध्ये 'उवा' म्हणजे द्राक्ष, म्हणून नाव ठेवलं 'उव्होमोरुलिन'. निफाडच्या बागायतदाराला विरळणी झालेला घड आठवावा, असंच ते दृश्य. दोन्ही गट एकाच प्रथिनाच्या, म्हणजे ई-कॅडहेरिनच्या, मागे होते, हे नंतर कळलं. कोंबडीत त्याचाच जोडीदार 'एल-कॅम' म्हणून आधीच वावरत होता.

माणसातला त्याचा जनुक सीडीएच1, 16व्या गुणसूत्रावर. 1998 मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जठराच्या कर्करोगामागे याच जनुकातले बिघाड सापडले. असा बिघाड वारशाने आलेल्या बायकांना स्तनाच्या लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींशी जोडलेल्या) कर्करोगाचाही धोका जास्त असतो.

लोब्युलर गाठीत हे प्रथिन बहुधा नाहीसं झालेलं असतं, त्यामुळे पेशी एकामागे एक रांगेत पसरतात. रिपोर्टातलं 'निगेटिव्ह' म्हणजे पेशींवर हे प्रथिन दिसलं नाही, एवढंच. आजार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. तो वारशानेच आला, असाही नव्हे. बहुतेकदा बिघाड त्या गाठीपुरताच असतो.