पक्षकाराला समज उरली नसेल तर दाव्यापुरता पालक कसा नेमून घ्यावा

वाटपाच्या दाव्याचे समन्स डिमेन्शिया झालेल्या वडिलांच्या नावाने येते आणि घरातले कोणीतरी वकीलपत्रावर त्यांचा अंगठा घेऊन मोकळे होते. पुढे हाच अंगठा निकालाला भोवतो. दावा साताऱ्यात असो, कराडला असो की मिरजेत, त्याच कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 32, नियम 15 खाली दाव्यापुरता पालक, म्हणजे या दाव्यात रुग्णाच्या वतीने बाजू मांडणारा माणूस, नेमण्याचा अर्ज द्यावा.

मनोरुग्ण ठरवल्याचा आधीचा हुकूम लागत नाही. आजाराचे नावही निर्णायक नसते. या माणसाला स्वतःचे हित जपता येते का, एवढेच कोर्ट चौकशीत पाहते. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण गोळ्यांवर स्थिर असेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. नुसते वय 85 सांगूनही भागत नाही. कायदा माणूस शहाणाच धरतो, म्हणून शाबितीचा भार अर्जदारावर. मात्र फौजदारीसारखे संशयातीत शाबीत करावे लागत नाही. जे जास्त संभवनीय दिसते ते पुरते.

अर्ज अडतो तो डॉक्टरांच्या दाखल्यावर. ‘स्मृतिभ्रंश, उपचार चालू’ एवढ्या एका ओळीने काही होत नाही. तपासणीची तारीख, स्मरणशक्ती-आकलनाच्या चाचणीत 30 पैकी गुण किती, पैशाचा हिशेब कळतो का, दावा कशाचा हे उमगते का, हे मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. उलटतपासणीला त्यांनाच उभे राहावे लागते. न्यायाधीश स्वतः रुग्णालाही प्रश्न विचारतात. गाव आणि मुलांची नावे बिनचूक सांगणारे आजोबा ‘इथे कशाला आलात?’ यावर ‘पेन्शनला’ म्हणतात. हा फरक दाखल्यात आधीच आलेला हवा. वडिलांबद्दल असे लिहून द्यायला मुलांना जड जाते, पण न दिल्याने नुकसान वडिलांचेच होते.

मानसिक आजाराच्या पुराव्याला समोरच्याने आव्हान दिले, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 105 प्रमाणे कोर्टाने तो प्रश्न याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवायचा असतो.

अर्जासोबत शपथपत्र, उपचाराचे जुने कागद आणि होणाऱ्या पालकाचे लेखी संमतीपत्र जोडा. पालक सज्ञान हवा, वादी नसावा, आणि त्याचे हित रुग्णाच्या हिताविरुद्ध नसावे. त्याच जमिनीत जादा हिस्सा मागणारा मुलगा इथेच बाद होतो. योग्य कोणी नसेल तर कोर्ट आपला अधिकारी नेमते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मनोरुग्ण व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो.

पालकाला परस्पर तडजोड करता येत नाही. कोर्टाची परवानगी, पालकाचे शपथपत्र आणि तडजोड रुग्णाच्या हिताची असल्याचे वकिलाचे प्रमाणपत्र लागते. ही नेमणूक फक्त दाव्यापुरती. तिच्या जोरावर जमीन विकता येत नाही की बँकेतून पैसे काढता येत नाहीत.