वळणाला सीसी कळत नाही

कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेची एक फेरी जेमतेम २.१ किलोमीटरची. अशा आखूड, वळणावळणाच्या ट्रॅकवर ३७३ सीसीची केटीएम आरसी ३९० (आपल्या चाकणला बनते ती) आणि हजार सीसीची सुपरबाइक एकत्र सोडल्या, तर कागदावर सामना एकतर्फी दिसतो. एकीकडे ४३ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), दुसरीकडे २००च्या आसपास. तरीही चालवणारा मुरलेला असेल, तर प्रत्येक वळणात छोटी गाडी मोठीच्या मागच्या चाकापाशी येऊन ठेपते.

वळणात किती झुकावं लागणार हे मुळात वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. वजन सूत्रातून चक्क कटून जातं. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ४५ अंश झुकलात की वेग ताशी ८० किलोमीटर, गाडी कुठलीही असो. उलट मोठीचा रुंद टायर थोडा आडच येतो. झुकल्यावर तो जमिनीला टेकतो ती जागा आतल्या बाजूला सरकते, आणि तेवढाच वेग राखायला गाडी आणखी काही अंश झुकवावी लागते. अर्थात दोघींचे टायर सारख्या प्रतीचे हवेत. कंपनीने दिलेल्या रोजच्या टायरवर छोटी गाडी सुपरबाइकच्या चिकट टायरांशी झगडू लागली, तर हे गणित बिघडतं.

खरी गंमत वळणातून बाहेर पडताना. जोरात थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) पिळला की पुढचं चाक उचलायला लागतं, त्यामुळे गाडी साधारण १ जीपेक्षा (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणापेक्षा) जास्त त्वरण घेऊच शकत नाही. स्वारासकट २७५ किलोच्या गाडीला ताशी ८० वेगाला १ जी द्यायला साधारण ८० पीएस पुरतात. उरलेले १२० त्या क्षणी नुसते ओझं! गाडी अजून झुकलेली असेल तर ८०सुद्धा मागच्या टायरला पेलत नाहीत. आरसीचे ४३ पीएस त्याच वेगाला ०.६ जी देतात. म्हणजे ताकद साडेचार पटींहून जास्त, पण फायदा दीडपटीच्या जरा वर. माझ्या मते नवशिक्याने ट्रॅकवर लीटरची (म्हणजे हजार सीसीची) गाडी नेऊ नये, ते याचसाठी. तिच्यावर थ्रॉटल आवरण्यातच दिवस जातो.

वेग वाढला की मात्र चित्र पालटतं. हवेचा रोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आरसी ताशी १७०च्या आसपास थकते, लीटरवाली ३००च्या घरात जाते. ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर सुमारे एक किलोमीटरची सरळ वाट आहे. तिथे छोटीने कितीही सुंदर वळणं घेतली तरी हिशेब जुळत नाही.

सरळ वाटेवर कमावलेला वेग पुढच्या वळणाआधी उतरवावाही लागतो. १ जीने ब्रेक लावले तर छोटीला ताशी १४० वरून ८० वर यायला सुमारे ५२ मीटर लागतात, मोठीला २०० वरून १३२. मोठी गाडी ब्रेकवर आली तरी छोटी आणखी ८० मीटर पूर्ण थ्रॉटलवर असते.

दोघींच्या वाटाही वेगळ्या. मोठी गाडी वळणात खोलवर ब्रेक मारते, चटकन वळते आणि लवकर सरळ उभी राहते, कारण तिला थ्रॉटल हवा असतो. छोटीला वेग टिकवायचा असतो. ती ट्रॅकची सगळी रुंदी वापरून मोठा गोल काढते. त्रिज्या ५० वरून ६० मीटर झाली की ८० चे ८७ होतात. नेमक्या या गोलात समोर लीटरवाला आडवा आला की छोटीला वेग सोडावा लागतो. तो परत मिळवायला ४३ पीएसना फार वेळ लागतो, आणि समोरचा तर थ्रॉटल पिळून निघून गेलेला असतो.

म्हणून एका वळणात पुढे जाऊन उपयोग नसतो, पुढच्या सरळ वाटेवर मोठी पुन्हा गाठतेच. अनुभवी स्वार एकापाठोपाठ दोन-तीन वळणं येतात ती जागा हेरतात. पहिल्याच्या ब्रेकिंगला आतल्या बाजूने शिरायचं आणि शेवटच्या वळणापर्यंत दोन-तीन गाड्यांचं अंतर टाकायचं. तेही छोट्या सरळ वाटेवरच पुरतं.