नाक दाबलं, रक्त डोळ्यातून आलं

घोळणा फुटला म्हणून नाक घट्ट दाबून धरलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून लाल थेंब ओघळला, असं क्वचित घडतं. बघणाऱ्याची पाचावर धारण बसते, पण यात डोळ्याला काही झालेलं नसतं. आरशासमोर खालची पापणी जरा ओढा. नाकाकडच्या टोकाला टाचणीच्या अग्राएवढं छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच असतं. तिथून अश्रू बारीक नलिकेतून अश्रुकोशात आणि पुढे नाकात उतरतात. रडताना नाक वाहतं ते म्हणूनच. नळीच्या नाकातल्या तोंडाशी पातळ पडदा असतो. तो सैल असेल, तर दाबलेल्या नाकातलं रक्त उलटं वर चढतं.

रक्ताळलेल्या अश्रूंना वैद्यकात हिमोलॅक्रिया म्हणतात. अश्रुग्रंथीच रक्त गाळते, हा समज बहुतेकदा चुकीचा असतो. उगम जास्त करून पापणीच्या आतल्या अस्तरात सापडतो : जंतुसंसर्ग, ओरखडा, किंवा हात लागताच रक्त येणारी मऊ लाल गाठ. म्हणून डॉक्टर आधी कापसाच्या काडीवर पापणी उलटवून बघतात. मग नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली बोटाने दाबतात. छिद्रातून रक्त वर आलं, तर दोष अश्रुकोशात. तिथे न दुखणारी सूजही असेल, तर गाठीची शंका घेऊन स्कॅन करायलाच हवा. नाकाची दुर्बिणीतून तपासणी, रक्तदाब, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या ओघाने येतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती न विचारता सांगावी, पण मनाने बंद करू नये.

पाळीचाही संबंध दिसतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ निरोगी व्यक्तींचे अश्रू तपासले, तेव्हा प्रजननक्षम वयातल्या १८ टक्के स्त्रियांच्या अश्रूंत नुसत्या नजरेला न दिसणारं रक्त आढळलं.

लाल दिसतं ते सगळं रक्तच असतं असं मात्र नाही. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने अश्रू नारिंगी-लाल होतात, कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचा डाग पडतो. डोळ्याचा पांढरा भाग लालभडक होऊनही बाहेर थेंब येत नसेल, तर ते अस्तराखाली साकळलेलं रक्त. ते सहसा दोनेक आठवड्यांत विरतं.

मुलांमध्ये अनेकदा कारण सापडत नाही आणि त्रास आपोआप थांबतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत डोळा कोरडा झालेला असतो, ही खरी पंचाईत. तेव्हा थेंब दिसताच मोबाइलवर जवळून फोटो काढा आणि पुसलेला कापूस फेकू नका; डाग रक्ताचाच आहे का, हे त्यावरून तपासता येतं.